मागे इंजिन, पुढे रेडिएटर: एमआर-२च्या कामाच्या नोंदी

गाडी: टोयोटा एमआर-२, पहिली पिढी (एडब्ल्यू ११), १९८६ सालची. इंजिन ४ए-जीई, १५८७ सीसी, १६ व्हॉल्व्ह, सीटांच्या पाठीमागे आडवं बसवलेलं. गाडी नऊ वर्षं एकाच जागी उभी होती. मी पोटापाण्यासाठी मेकॅनिक नाही. याआधी जे काही हात काळे केले ते पुढे इंजिन असलेल्या गाड्यांवर, आणि तो अनुभव इथे उपयोगी कमी पडला, नडला जास्त. अशीच एखादी गाडी उठवायला घेणाऱ्यांसाठी हे टिपून ठेवतोय. चुका काढून टाकलेल्या नाहीत.

१२ ऑक्टोबर

जुनं पेट्रोल उपसलं. पेट्रोल कसलं, वार्निशच. या गाडीत टाकी दोन सीटांमधल्या बोगद्यात असते, लांबुडकी, ४१ लिटरची. १९६६च्या लॅम्बोर्गिनी मिउरात टाकी पुढे नाकात होती, त्यामुळे पेट्रोल संपत आलं की वेगात गाडीचं नाक हलकं व्हायचं. इथे टाकी भरलेली असो की रिकामी, तोल जवळपास तोच राहतो. कल्पना झकास आहे. पण टाकी उतरवायची तर पोटाखालचं बरंच काही सोडवावं लागतं, म्हणून मी आळस केला आणि वरून नळी घालून उपसलं. तळाचा गाळ आत राहिला. पुढच्या दोन महिन्यांत पेट्रोल फिल्टर तीनदा बदलला. पुन्हा करायची वेळ आली तर टाकी आधी उतरवेन.

१९ ऑक्टोबर

टाइमिंग बेल्ट, म्हणजे क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) एका तालात फिरवणारा दातेरी पट्टा. तीन तास धरले होते, नऊ लागले. इंजिन आडवं असल्यामुळे क्रँकची पुली गाडीच्या उजव्या अंगाला येते. मागचं उजवं चाक आणि आतलं प्लास्टिक काढलं की ती दिसते. वरून बघितलं तर हात जाईल एवढीच फट. मी पहिले दोन तास वरूनच झटापट करत होतो, कारण बेल्टचं काम बॉनेट उघडून वाकून करायचं हे डोक्यात पक्कं बसलेलं. चाक काढल्यावर बोल्ट समोरच.

२ नोव्हेंबर

पहिल्यांदा सुरू केली. चालू झाली, पण ताशा वाजवावा तशी. आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता संथ चालणं) धरेना, ॲक्सिलरेटर दाबला की खोकायची. प्लग बघितले, डिस्ट्रिब्युटर हलवून बघितला, इंजेक्टरांवर संशय घेतला. शेवटी कव्हर उघडलं तर एक्झॉस्टची कॅमपुली एक दात पुढे. बेल्ट चढवताना खुणा जुळल्या होत्या, पण टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) सोडल्यावर दोन कॅममधल्या पट्ट्याची ढील निघाली आणि पुली सरकली. मी क्रँक हातानं एकच फेरा फिरवून बघितला होता. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक होतो. दोन फेऱ्यांनी तीनही खुणा परत जागेवर आल्या तरच कव्हर बंद करायचं. चार तास वाया. जुना बेल्ट काढण्याआधी त्यावर आणि पुल्यांवर पांढऱ्या रंगाचे ठिपके मारून नव्या बेल्टवर दात मोजून उतरवले असते, तर हे झालंच नसतं.

दुरुस्तीनंतर आवाज स्वच्छ. मिनिटाला ७,५०० फेऱ्यांची लाल रेघ असलेलं इंजिन. आज ३,०००च्या वर नेलं नाही.

९ नोव्हेंबर

नवीन कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) भरलं. भरायचं तोंड मागे इंजिनपाशी, रेडिएटर पार पुढे, मध्ये पोटाखालून जाणारे दोन लांब लोखंडी पाइप. काठोकाठ भरेपर्यंत नऊ लिटर मावलं. पुस्तकात आकडा तेराच्या आसपासचा. जुनं पाणी आत राहिलं असेल, अशी मी माझी समजूत काढली. इथेच थांबलो असतो तर पुढचे पाच आठवडे वाचले असते.

बारा मिनिटांत तापमानाचा काटा तीन चतुर्थांशावर. बंद केली.

१६ नोव्हेंबर

थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटची वाट उघडणारी झडप) बदलला. जुना भांड्यात पाणी तापवून बघितला तर ८२ अंशांच्या आसपास व्यवस्थित उघडत होता, म्हणजे तो बरा होता. तरी नवाच घातला, हाताशी होता म्हणून. काटा पुन्हा वर. रेडिएटरला हात लावून बघितला: गार. हीटर पूर्ण गरमवर ठेवला: गार वारा. या दोन्ही गोष्टी त्या दिवशी वहीत लिहिल्या आहेत. लिहिल्या, पण वाचल्या नाहीत.

२३ आणि ३० नोव्हेंबर

वॉटरपंप. काटा इंजिनचं तापमान दाखवतो, म्हणजे बिघाड इंजिनपाशी, हे माझं तर्कशास्त्र. दोन शनिवार गेले. पंप काढला: पाती शाबूत, बेअरिंग गप्प, सीलमधून थेंब नाही. नवा बसवला. काटा पुन्हा वर. जुना पंप फडताळात आहे, कुणाला हवा असेल तर चांगला आहे.

७ डिसेंबर

आता हेड गास्केटची (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलची) भीती. हेड उघडण्याआधी एवढं तरी शहाणपण केलं की निळ्या द्रावणाची तपासणी करून घेतली. कूलंटच्या तोंडावर नळी धरून आतली हवा द्रावणातून ओढायची. जळालेला वायू पाण्यात येत असेल तर निळा पिवळा होतो. दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं, निळा निळाच. गास्केट ठीक.

मग जमिनीवर बसून वही उघडली. रेडिएटर गार. हीटर गार. नऊ लिटर, तेरा नव्हे. विहिरीवरची मोटर हवा धरते तशी गाडीनं हवा धरली होती. पाइप खालून जातात, रेडिएटरचा माथा आणि हीटर वर असतात. मागून ओतलेलं पाणी खालून जाऊन पुढे चढतं, आणि वर अडकलेल्या हवेला बाहेर पडायला वाटच नसते. पंप बिचारा हवेला ढकलत बसलेला. इंजिन पुढे असलेल्या गाडीत ही हवा बहुधा आपली आपण निघून जाते, म्हणून कधी विचारच केला नव्हता.

१४ डिसेंबर

हवा काढायला या गाडीत पुढे दोन जागा दिलेल्या आहेत, एक रेडिएटरला आणि एक हीटरच्या वाटेवर. मला रेडिएटरचीच माहीत होती. हीटरची पुढच्या डिकीत मळाच्या थराखाली सापडली.

पद्धत अशी. दोन्ही जागांना पारदर्शक नळ्या लावायच्या आणि त्यांची तोंडं मागच्या भरायच्या तोंडापेक्षा उंच बांधायची. मी पुढच्या झाकणाच्या दांडीला बांधली. हीटर पूर्ण गरमवर. मग दोन्ही स्क्रू सैल करून मागून हळूहळू ओतायचं. नळ्यांमधलं पाणी आणि मागचं पाणी एका पातळीला आलं की हवा गेली. मी मागे ओतत होतो, मुलगी पुढे नळ्यांवर नजर ठेवून बसलेली.

"बाबा, हीटरवाल्या नळीत अजून बुडबुडे येतायत."

"एक मिनिट, संपेल आता."

"तू मगाशीपण एकच मिनिट म्हणाला होतास."

पाऊण तास लागला. आधी मोठे ढेकर, मग साबणाच्या फेसासारखं, मग मोहरीएवढे एकेक. पण रेडिएटरच्या नळीत पाणी चढायचं, थांबायचं, मग खाली बसायचं. कुठेतरी अजून हवा होती.

ती माझ्याच थर्मोस्टॅटमागे होती. थर्मोस्टॅटच्या चकतीत एक बारीक भोक असतं, त्यात सैल खिळ्यासारखी हलणारी झडप. थर्मोस्टॅट बंद असतानाही हवा तिच्यातून निसटते, म्हणून ती बसवताना वर यायला हवी. मी खाली ठेवली होती. म्हणजे चांगला भाग काढून दुसरा चांगला भाग चुकीचा बसवला, आणि हवेचा उरलेला दरवाजाही बंद केला. पुन्हा सगळं कूलंट काढलं, थर्मोस्टॅट फिरवला, पुन्हा भरलं. या वेळी तेराला थोडंच कमी मावलं.

इंजिन वीस मिनिटं चालवलं. काटा मध्याच्या जरा खाली येऊन थांबला, पुढचा पंखा दोनदा लागला आणि बंद झाला, हीटरचा वारा हाताला चटका बसेल इतका गरम. मुलगी म्हणाली, झालं ना? मी म्हटलं, झालं. झालं नव्हतं.

४ जानेवारी

आठवड्याला साधारण पाव लिटर कूलंट कमी होतंय. जमिनीवर डाग नाही. पोटाखाली पडून बॅटरीनं पाइप तपासले तेव्हा एका क्लिपच्या कडेला गुलाबीसर पापुद्रा दिसला, वाळलेल्या मिठासारखा. क्लिप काढली. खाली गंज, गंजाच्या मध्ये सुईएवढं भोक. क्लिप आणि पाइप यांच्यामध्ये ओल धरून राहते, आणि बाहेरून पाइप धडधाकट वाटतो. क्लिप काढल्याशिवाय हे दिसणं शक्यच नाही. अशी गाडी बघायला जाल तेव्हा क्लिपा आधी बघा.

खराब तुकडा कापून स्टेनलेसचा घातला आणि दोन्ही टोकांना सिलिकॉन होज.

११ जानेवारी

या सगळ्या कामातली सर्वांत महाग चूक.

लांब फेरी, ताशी ९० किलोमीटर. काटा थोडा वर चढला, मग झपकन पार खाली आला. मी खूश झालो. चार-पाच सेकंद खूश होतो. मग हीटरचा वारा गार झाला आणि आरशात पांढरा ढग दिसला.

काटा खाली आला कारण सेन्सरभोवती पाणीच उरलं नव्हतं. पाण्यात बुडलेला सेन्सर पाण्याचं तापमान सांगतो, हवेत लोंबकळणारा काहीही सांगतो. शिवाय इंजिन पाठीमागे, त्यामुळे नाकाला वास नाही, काचेवर वाफ नाही. जे होतं ते आपल्या मागे होतं आणि आरसा सांगेल तेव्हा कळतं. लगेच बंद करून कडेला घेतली आणि ओढून घरी आणली.

स्टेनलेसचा तुकडा मी सरळ कापून घातला होता. टोकाला उंचवटा काढलेला नव्हता. मूळ पाइपाच्या टोकाला जी गोल कड उठवलेली असते ती शोभेची नाही. क्लॅम्प तिच्या अलीकडे आवळला की होज सुटून जाऊ शकत नाही. गुळगुळीत पाइपावर सिलिकॉन होज दाबाखाली सरकत सरकत निघते, क्लॅम्प कितीही आवळा. मी क्लॅम्प इतका आवळला होता की होजवर वळ उठलेले. तरीही सुटली.

हिशोब: जवळपास सगळं कूलंट गेलं, एक आख्खा दिवस आणि झोप. कॉम्प्रेशन (चारही सिलेंडरांत तयार होणारा दाब) मोजलं: १२.१, १२.०, ११.८, १२.२ बार. हेड वाचलं. नशीब, दुसरं काही नाही.

१८ जानेवारी

पाइपाच्या टोकांना कड उठवून घेतली. या वेळी व्हॅक्यूमनं भरलं: आधी सगळी हवा खेचून घ्यायची, सुई अर्धा तास हलत नाही हे बघायचं, म्हणजे गळती नाही, आणि मग त्याच निर्वातात कूलंट सोडायचं. बारा मिनिटांत भरलं. हे यंत्र उसनं आणलं. नोव्हेंबरातच आणलं असतं तर या वहीची निम्मी पानं कोरी राहिली असती.

२५ जानेवारी

मागचे ब्रेक. हँडब्रेकची यंत्रणा मागच्या कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिस्टनमध्येच असते आणि पिस्टन आट्यांवर फिरतो. तो फिरवत फिरवत आत न्यायचा असतो. मी सी-क्लॅम्पनं दाबला, पुढच्या ब्रेकला दाबतात तसा. आतून कट् असा आवाज आला. एक कॅलिपर दुरुस्तीला. दुसरा नीट फिरवून आत घेतला. पॅडच्या पाठीवर एक टोक असतं, ते पिस्टनच्या खाचेत बसलं पाहिजे, नाहीतर पॅड तिरका झिजतो.

१ फेब्रुवारी

दुसरा गिअर पडताना गोंधळ, कधी पडतो, कधी पडल्यासारखा वाटून निसटतो. एका जाणत्या मित्रानं गिअरबॉक्स उतरवायला सांगितलं. पंपाचा अनुभव ताजा होता, म्हणून आधी दुसऱ्या टोकाला बघितलं. एकानं आत बसून लिव्हर हलवायचा, दुसऱ्यानं मागे गिअरबॉक्सपाशी. लिव्हर दोन बोटं सरकतो आणि मागचा हात जागचा हलत नाही. लिव्हर आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये दोन लांब केबली असतात. एकीच्या टोकाचा प्लास्टिकचा बुश काढायला गेलो तर भुगा होऊन हातात आला. दोन्ही केबलींचे बुश बदलले. चाळीस मिनिटं.

८ फेब्रुवारी

खालचा जोर गायब होता. ४,००० फेऱ्यांखाली गाडी झोपलेली, वर उठून बसायची. या इंजिनात प्रत्येक सिलेंडरच्या दोन इनटेक वाटांपैकी एक कमी वेगात बंद राहते, म्हणजे हवा उरलेल्या वाटेतून जोरात जाते. साधारण ४,३५० फेऱ्यांना दुसरी उघडते. ती बंद ठेवणारा व्हॅक्यूम तडकलेल्या रबरी नळीतून गळत होता, म्हणून दोन्ही वाटा कायम उघड्या. वीतभर नळी बदलली. अख्ख्या कामातली सगळ्यात स्वस्त दुरुस्ती, आणि चालवताना सर्वांत जास्त जाणवणारीही.

२२ फेब्रुवारी

वजनकाट्यावर घातली, एका वेळी एक ॲक्सल, चालकाशिवाय, अर्धी टाकी. पुढे ४६०, मागे ५८०, एकूण १,०४० किलो. म्हणजे जवळपास ५६ टक्के मागे. टायर चारही सारखेच, १८५/६० आर १४. पुढे २६ आणि मागे ३० पीएसआय ठेवतोय.

१ मार्च

ट्रॅकवर नेली आणि गरगर फिरवली. मुद्दाम नव्हे.

उजवं वळण, तिसरा गिअर, वेग जरा जास्त वाटला म्हणून ॲक्सिलरेटर सोडला. पुढे इंजिन असलेल्या बहुतेक गाड्या अशा वेळी नाक आत घेतात आणि शांत होतात. हिनं मागचं अंग बाहेर टाकलं. उलट वळवेपर्यंत दीड फेरा पूर्ण झाला होता. गवतात थांबलो, ओरखडासुद्धा नाही. वजन मध्यावर गोळा झालेलं असल्यामुळे गाडी वळायला भोवऱ्यासारखी हलकी असते, आणि सुटली की भोवऱ्यासारखीच फिरते. सावरायला मिळतो तो अर्धा सेकंद.

आधी मी टायरांना दोष दिला. मग बोलण्याऐवजी दोरी लावली.

८ मार्च

गाडीच्या दोन्ही बाजूंना घोड्यांवर समांतर दोऱ्या ताणल्या आणि रिमच्या पुढच्या-मागच्या कडेपासूनचं अंतर मोजलं. मागच्या उजव्या चाकाची पुढची कड दोन मिलिमीटर आत वळलेली, ते ठीक. मागच्या डाव्या चाकाची चार मिलिमीटर बाहेर. म्हणजे मागचं डावं चाक आपलं आपण गाडी वळवत होतं, आणि ॲक्सिलरेटर सोडून वजन पुढे गेलं की आणखीच.

हेही माझंच. डिसेंबरात मागच्या आर्मचे रबरी बुश बदलले होते तेव्हा दोन गोष्टी चुकल्या. चाकाचा कोन ठरवणाऱ्या आडव्या रॉडचे आटे किती उघडे होते ते मोजून ठेवलं नाही, अंदाजानं बसवला. आणि बोल्ट आवळले ते चाक हवेत लोंबकळत असताना. रबर त्याच स्थितीत पिळून घट्ट झालं. गाडी खाली उतरवल्यावर ते कायम ओढाताण करत राहिलं. सगळे बोल्ट सैल केले, गाडीचं वजन चाकांवर आणलं, गाडी दोन-चारदा दाबून हलवली आणि मग आवळले. रॉड फिरवून दोन्ही चाकं दोन-दोन मिलिमीटर आत. चाकांचे नट १०३ न्यूटन मीटर. सहा तास, त्यातले चार दोरी समांतर आणण्यात.

१५ मार्च

तोच ट्रॅक, तेच वळण. ॲक्सिलरेटर सोडला तेव्हा मागचं अंग किंचित हललं आणि बसलं. मुद्दाम तीनदा करून बघितलं. चौथ्यांदा करायचा मोह झाला तेव्हा बाहेर आलो.

शून्य ते १००: तीन वेळा मोजले, सरासरी ८.८ सेकंद. सरळ रस्त्यावर आजची साधी घरगुती गाडीही पुढे जाईल. पण दोन वळणांच्या मधल्या जागेत हिच्याशी गाठ आहे. स्टीअरिंगला पॉवर नाही, पुढे वजन नाही, त्यामुळे रस्त्यातला बारीक खडाही हाताला कळतो.

२९ मार्च

वही चाळून बेरीज केली. २०० तासांहून जास्त, त्यातले ऐंशीच्या आसपास चुकीच्या टोकाला. सुट्या भागांवर गाडीच्या किमतीच्या एक तृतीयांश. न लागणारे भाग: एक थर्मोस्टॅट, एक पंप.

उरलंय: रेडिएटरच्या पंख्याचा स्विच जरा उशिरा लागतो, मागच्या दुरुस्त केलेल्या कॅलिपरची केबल थोडी सैल आहे, आणि टाकी कधीतरी उतरवायचीच आहे.

कूलंटच्या बाटलीवर मुलीनं १८ जानेवारीला काळ्या मार्करनं रेघ मारून तारीख टाकली होती. आज इंजिन गार असताना बघितलं, पातळी रेघेवरच आहे.